घन ही इष्टिकाचिती असते का? मुलाचं उत्तर, बाईंची फुली आणि बाकीचं सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगा सहावीत आहे, शाळेच्या चाचणीत 'घन ही इष्टिकाचिती असते, चूक की बरोबर' असं आलं होतं, त्याने बरोबर लिहिलं, बाईंनी फुली मारली, आणि घरी येऊन यूट्यूबवर बघितलं तर तिथे क्यूब हा रेक्टँग्युलर प्रिझमच असतो असं सांगतायत, मग खरं कोणाचं धरायचं, आणि पुढे स्कॉलरशिपला असं आलं तर काय लिहायचं.

मुलाचं उत्तर बरोबर आहे. प्रत्येक घन ही इष्टिकाचिती असते, प्रत्येक इष्टिकाचिती मात्र घन नसते. मी पुण्यात गेली बरीच वर्षं पाचवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पालकाकडून येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं 'बरोबर आहे' एवढं सांगून मुलाच्या डोक्यातला गोंधळ जात नाही आणि तुम्हाला बाईंशी बोलायचं असेल तर कारण हातात असलेलं बरं.

आधी नावांचं उरकून घेऊ. मराठी माध्यमाच्या पुस्तकातली इष्टिकाचिती, इंग्लिश माध्यमातला क्युबॉइड आणि व्हिडिओतला रेक्टँग्युलर प्रिझम हे तिन्ही एकच. बोर्ड बदललं म्हणून आकृती बदलत नाही, त्यामुळे त्यात अडकू नका.

आता व्याख्या. चिती म्हणजे काय, तर समोरासमोरची दोन पृष्ठं अगदी एकसारखी आणि समांतर, आणि त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या भिंती. तळ त्रिकोणी असला तर त्रिकोणी चिती, षटकोनी असला तर षटकोनी चिती. तळ आयताकृती असला आणि भिंती तळाला काटकोनात सरळ उभ्या असल्या की ती इष्टिकाचिती, म्हणजे सहाच्या सहा पृष्ठं आयत. आणि त्या इष्टिकाचितीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी झाली की तो घन. बघा, घनाची व्याख्या करताना आपण सुरुवातच इष्टिकाचितीपासून केली आणि तिच्यावर एक जादा अट घातली, मग अट घातल्यावर ती इष्टिकाचिती राहिली नाही असं कसं होईल? मी वर्गात चतुर्थीचं उदाहरण देते, ते पोरांना लगेच पटतं. प्रत्येक अंगारकी ही संकष्टी असते, प्रत्येक संकष्टी ही चतुर्थी असते, आणि उलटं मात्र नसतं. अंगारकीला दगडूशेठला रांग कितीही मोठी लागली तरी त्या दिवशी संकष्टी नाहीये असं कुणी म्हणत नाही. चिती, इष्टिकाचिती, घन, तसंच.

मुलाला चौरस आणि आयताचं नातं नीट कळलं असेल तर हे वेगळं शिकवावंसुद्धा लागत नाही. चौरस हा आयत असतो कारण त्याचे चारही कोन काटकोन असतात, आयत व्हायला तेवढंच लागतं, बाजू वेगवेगळ्याच पाहिजेत अशी अट आयताच्या व्याख्येत कुठेही नाही. तसंच इष्टिकाचितीच्या व्याख्येत तिन्ही मापं वेगळीच असावीत असं कुठेही लिहिलेलं नसतं. गोची होते ती चित्रांमुळे. पुस्तकात इष्टिकाचिती म्हणून कायम काडेपेटी नाहीतर लांबट खोका काढलेला असतो आणि घन म्हणून फासा, मग पोरांच्या मनात बसतं की लांबट ती इष्टिकाचिती आणि गुटगुटीत तो घन, आकार बघून नाव द्यायची सवय लागते आणि अटी तपासायची सवय लागतच नाही.

अटी तपासायची सवय लावायला माझ्याकडे एक चांगला प्रयोग आहे, घरी जरूर करा. अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात, म्हणजे इथे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी बरीच वर्षं काम केलं, टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी करणारे, २०१८ ला पद्मश्री मिळाली ते. त्यांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून केलेले सांगाडे प्रसिद्ध आहेत. काड्यांचा गुल खरवडून टाकायचा, ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे, तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या घालायच्या आणि मधे काट्याने किंवा दाभणाने भोक पाडून तिसरी काडी खुपसायची, असे आठ सांधे आणि बारा काड्या लावल्या की घनाचा सांगाडा तयार. आता गंमत अशी की तो ताठ उभा राहत नाही. वरच्या बाजूने बोटाने हलकं ढकललं की सगळाच्या सगळा एका अंगाला कलतो, चौरसांचे समभुज चौकोन होतात. मुलाला तिथेच थांबवून विचारा, काड्या बारा आहेत का? आहेत. सगळ्या सारख्या लांबीच्या आहेत का? आहेत. मग हा आत्ता घन आहे का? नाही! कडा सगळ्या समान असूनही घन नाही, कारण कोपऱ्यातले काटकोन गेले. म्हणजे घन व्हायला समान कडा पुरत नाहीत, आधी सगळे कोन काटकोन पाहिजेत, आणि सगळे कोन काटकोन पाहिजेत म्हणजेच आधी इष्टिकाचिती असायला पाहिजे. इष्टिकाचिती नसलेला घन करूनच दाखव म्हणावं, जमत नाही. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नाही.

दुसरा एक प्रश्न मी पोरांना हमखास टाकते. तुझ्या हातात एक इष्टिकाचिती आहे, कमीत कमी किती पृष्ठं मोजून तू ती घन आहे हे छातीठोकपणे सांगशील? पोरं पहिल्या झटक्यात सहा म्हणतात. मग कोणीतरी म्हणतं तीन, कारण समोरासमोरची सारखी असतात. आणि मग थोडा वेळ शांतता, आणि मागच्या बाकावरून येतं, बाई दोन! बरोबर, दोन पुरतात, पण ती शेजारशेजारची पाहिजेत, म्हणजे एक कड सामाईक असलेली. तळ चौरस असेल तर लांबी आणि रुंदी सारखी, समोरची भिंत चौरस असेल तर लांबी आणि उंची सारखी, झाली तिन्ही सारखी. समोरासमोरची दोन चौरस असून मात्र काहीच सिद्ध होत नाही, ती तर एकमेकांसारखी असणारच असतात.

ही समोरासमोरची दोन चौरस असलेली मधली जात पुस्तकात फारशी दाखवत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण घन आणि इष्टिकाचिती यांच्यामधली पायरी तीच आहे आणि ती दिसली की दोन वेगळे डबे असा समज राहतच नाही. उदाहरण शोधायला लांब जायला नको, पुण्यात दर गल्लीत बांधकाम चालू आहे. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते. म्हणजे तिची दोन टोकं ९० बाय ९० चे चौरस आणि बाकीची चार पृष्ठं आयत. आता १९० च का, तर दोन विटांची रुंदी ९० अधिक ९० आणि मधला १० मिलिमीटरचा सिमेंट-वाळूच्या मालाचा सांधा, बेरीज १९०, म्हणजे एक वीट लांबीने लावली की तिच्यावर दोन विटा आडव्या बरोब्बर बसतात. सांध्यासकट धरली तर वीट २०० × १०० × १०० होते. आणि मग अशा चार विटा घ्या, दोन शेजारी शेजारी आणि त्यांच्यावर दोन, सांध्यासकट माप येतं २०० × २०० × २००, घन तयार. लांबी होती तेवढीच राहिली, रुंदी आणि उंची दुप्पट झाली आणि इष्टिकाचितीचा घन झाला, मधे कुठेही भिंत आड आली नाही. (एका घनमीटरला ५०० विटा हा साइटवरचा हिशोब इथूनच येतो, ०.२ × ०.१ × ०.१ म्हणजे ०.००२ घनमीटर, आणि १ ला त्याने भागलं की ५००.)

साइटचा विषय निघालाच आहे तर खरा घन कुठे मुद्दाम वापरतात तेही सांगते, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील साइट इंजिनिअर आहेत, त्यांनी वर्गात दाखवायला एक साचा आणून दिला होता. काँक्रीट ओतलं की त्याची मजबुती तपासायला त्यातलंच थोडं १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात भरून ठेवतात, त्याला सगळे 'क्यूब' असंच म्हणतात, क्यूब भरले का, क्यूबचा रिझल्ट आला का. भरलेला क्यूब साधारण ८ किलोचा होतो, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचा आणि ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचा. आता बघा, साच्यात भरताना वरचं तोंड उघडं असतं, ते थापीने सारखं केलं तरी थोडं खडबडीत राहतंच, आणि मशीनमध्ये दाबताना पृष्ठ एकदम सपाट पाहिजे. मग काय करतात, तर क्यूब कुशीवर वळवतात आणि साच्याच्या लोखंडाला टेकलेली दोन गुळगुळीत पृष्ठं वर आणि खाली घेतात. वळवला तरी उंची १५० च राहते आणि दाबाखालचं क्षेत्रफळ १५० × १५० म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटरच राहतं. हा सोयीस्करपणा घनाशिवाय मिळत नाही. अमेरिकेत याच कामाला सिलिंडर वापरतात, तो आडवा करून तसा दाबता येत नाही, म्हणून त्याची तोंडं सपाट करून घ्यायला वेगळं कॅपिंग करावं लागतं.

याच गोष्टीचं गणित मला फार आवडतं. समजा एखादा ठोकळा जिथून काढला त्याच खाचेत परत ठेवायचा आहे, किती वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवता येईल? घन असेल तर सहापैकी कोणतंही पृष्ठ खाली घ्या आणि ते घेतल्यावर चार प्रकारे फिरवा, सहा चोक २४. वीट असेल, म्हणजे दोनच टोकं चौरस, तर ८. आणि तिन्ही मापं वेगळी असलेली काडेपेटी असेल तर फक्त ४. काडेपेटीच्या सहा पृष्ठांवर १ ते ६ आकडे लिहून, पुठ्ठ्यात तिच्या मापाची खाच करून मुलाला मोजायला बसवा, अर्धा तास शांतपणे जातो आणि घन हा इष्टिकाचितींमधला सगळ्यात सममित हे वाक्य पाठ न करता कळतं. घडण्यांचंही, म्हणजे ठोकळा उलगडून सपाट केल्यावर दिसणाऱ्या आकृत्यांचंही, तसंच काहीसं आहे, फक्त उलट्या दिशेने: घनाच्या घडण्या ११, आणि तिन्ही मापं वेगळी असलेल्या इष्टिकाचितीच्या ५४, कारण घनात जे नमुने एकसारखे म्हणून एकच धरले जातात ते इथे वेगवेगळे मोजावे लागतात. स्कॉलरशिपला घनाच्या ११ च येतात बहुतेक, त्या कागद कापून दुमडून केलेल्या असाव्यात, नुसत्या बघितलेल्या नकोत.

पुढे घनफळ. इथे दोघांचं नातं वेगळ्याच बाजूने दिसतं, कारण इष्टिकाचिती मोजायचं मापच मुळी घन आहे. ६ सेमी लांब, ४ सेमी रुंद, ३ सेमी उंच खोका म्हणजे १ सेमीचे घन एका थरात ६ × ४ म्हणजे २४, असे ३ थर, एकूण ७२. लांबी × रुंदी × उंची हे सूत्र म्हणजे फक्त थर मोजणं आहे. आपल्याकडे हे फार जुनं आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, विटांच्या राशीचं गणित आहे: वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ उंच, आणि रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच, तर विटा किती आणि थर किती? २४ अंगुळांचा १ हात. रास ८ × ५ × ३ म्हणजे १२० घनहस्त, वीट ३/४ × १/२ × १/८ म्हणजे ३/६४ घनहस्त, भागाकार २५६०. थर ३ भागिले १/८, म्हणजे २४. मुलाला हे गणित जरूर द्या, अपूर्णांकांचा सरावही होतो, आणि यात वीट इष्टिकाचिती, रास इष्टिकाचिती, आणि दोघींना मोजणारं माप मात्र १ हाताचा घन, हे दाखवा.

आता पृष्ठफळाकडे येते, आणि इथे जरा थांबते कारण घनाचं वेगळेपण इथे सगळ्यात भारी दिसतं आणि वर्गात सगळ्यात कमी शिकवलं जातं. १ सेमीचे २४ घन घ्या, दुकानात लाकडी ठोकळ्यांचा सेट मिळतो, नाहीतर थर्माकोलचे कापा. त्यांच्यापासून पूर्ण भरलेल्या इष्टिकाचिती किती तऱ्हेच्या होतात? सहा. १×१×२४, १×२×१२, १×३×८, १×४×६, २×२×६ आणि २×३×४. घनफळ सगळ्यांचं २४ च. पृष्ठफळ काढा त्याच क्रमाने: ९८, ७६, ७०, ६८, ५६, ५२. जसजसा आकार लांबट सोडून आटोपशीर होतो तसतसं पृष्ठफळ उतरत जातं. २४ ठोकळ्यांचा घन होत नाही, म्हणून २×३×४ वर थांबावं लागलं. आता ६४ ठोकळे घ्या आणि ४×४×४ चा घन करा. पृष्ठफळ ६ × १६ म्हणजे ९६. परत वाचा, ६४ ठोकळ्यांच्या घनाला कागद लागतो ९६ चौरस सेमी आणि २४ ठोकळ्यांच्या काठीला ९८! हे फळ्यावर लिहिलं की पोरं आधी माझं काहीतरी चुकलंय म्हणतात आणि मग स्वतः करून बघतात.

कारणही सहावीच्या मुलाला समजेल असं आहे. कुठलीही इष्टिकाचिती घ्या जिचं एखादं पृष्ठ चौरस नाही. ते पृष्ठ तळ म्हणून ठेवा. आता उंची तीच ठेवून, तळाचं क्षेत्रफळही तेवढंच ठेवून, तळ चौरस करा. घनफळ बदललं नाही, तळ आणि झाकणही तेवढंच राहिलं, पण चौरसाची परिमिती त्याच क्षेत्रफळाच्या आयतापेक्षा कमी असते, म्हणून चार भिंतींचा कागद वाचला. म्हणजे जिचं एक जरी पृष्ठ चौरस नाही अशी प्रत्येक इष्टिकाचिती सुधारता येते, आणि सुधारायला काही जागाच उरत नाही अशी एकच, सहाही चौरस असलेली. साधं उदाहरण हवं असेल तर १ लिटर, म्हणजे १००० घन सेमी: १० × १० × १० चा डबा केला तर पृष्ठफळ ६००, आणि २० × १० × ५ चा केला तर ७००. पण इथे लक्षात घ्या, तुलना होतेय ती सगळ्या इष्टिकाचितींमध्येच, घन हा त्यांच्यातलाच एक म्हणून त्या स्पर्धेत उतरला आणि पहिला आला. घन वेगळ्या जातीचा असता तर हे वाक्यच लिहिता आलं नसतं.

बरं, मग बाईंनी फुली का मारली असेल? त्यांना लगेच नावं ठेवू नका. दोन गोष्टी वेगळ्या मानायची परंपराही जुनी आहे. इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने चौरसाची व्याख्या समान बाजू आणि काटकोन अशी केली आणि आयताची व्याख्या काटकोन पण बाजू समान नसलेला अशी केली, म्हणजे त्याच्या हिशोबाने चौरस हा आयत नव्हता. आजचं गणित, आणि आजचं शाळेचं गणितसुद्धा, तसं करत नाही, चौरसाला आयतात आणि समभुज चौकोनातही धरतं. आणि ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं कारण एकदा इष्टिकाचितीबद्दल काही सिद्ध केलं की ते घनालाही आपोआप लागू होतं, परत सिद्ध करायला नको. पृष्ठं ६, कडा १२, शिरोबिंदू ८, समोरासमोरची पृष्ठं एकरूप, आतले चारही कर्ण समान, हे सगळं इष्टिकाचितीचं म्हणून एकदाच शिकायचं.

परीक्षेपुरतं मी मुलांना एवढंच सांगते की आधी बघ, नाव विचारलंय की नियम विचारलाय. फाशाचं चित्र देऊन 'या आकाराला काय म्हणतात' असं विचारलं तर घन लिहायचं, कारण नाव विचारलं की सगळ्यात नेमकं नाव द्यायचं असतं, तिथे इष्टिकाचिती लिहिणं खोटं नसलं तरी अपुरं आहे. चार चित्रांमधून इष्टिकाचिती निवड असं असेल आणि त्यात काडेपेटी आणि फासा दोन्ही असतील तर काडेपेटीवर खूण करायची, प्रश्न काढणाऱ्याच्या मनात तेच असतं, जरी मला असा प्रश्न काढणंच पटत नाही. पण 'घन ही इष्टिकाचिती असते, चूक की बरोबर' हा नियमाचा प्रश्न आहे, तिथे अटी तपासायच्या आणि बरोबर लिहायचं, जे तुमच्या मुलाने केलं. 'प्रत्येक इष्टिकाचिती घन असते' आलं तर चूक, 'काही इष्टिकाचिती घन असतात' आलं तर बरोबर.

बाईंना भेटायला जाल तेव्हा व्हिडिओ दाखवू नका, त्याने उगाच कटुता येते. पुस्तकातली इष्टिकाचितीची व्याख्या काढा आणि साधं विचारा, की बाई यातली कोणती अट घनात बसत नाही? मुलाला बरोबर घेऊन जा आणि त्यालाच विचारू दे. माझ्या अनुभवात बहुतेक शिक्षक तिथेच मान्य करतात, तपासताना उत्तरसूचीत जे असतं तेच हाताने होत जातं, एकेकाला पन्नास-साठ पेपर असतात. मार्क वाढला नाही तरी चालेल, पण मुलाने घरी जाऊन वहीत 'चूक' अशी दुरुस्ती मात्र करू नये, एवढं बघा.

सूत्रांचं एक राहिलं, आणि हे स्कॉलरशिपसाठी खरंच उपयोगाचं आहे. मुलं घनाची आणि इष्टिकाचितीची सूत्रं वेगवेगळी पाठ करतात, आठ-आठ ओळींचे तक्ते भिंतीवर चिकटवलेले असतात. काढून टाका. एकूण पृष्ठफळ २ × (लांबी×रुंदी + रुंदी×उंची + लांबी×उंची), यात तिन्ही ठिकाणी बाजू घातली की २ × ३ × बाजूचा वर्ग, म्हणजे ६ × बाजूचा वर्ग. उभ्या पृष्ठांचं २ × उंची × (लांबी + रुंदी), त्याचं होतं ४ × बाजूचा वर्ग. आतला कर्ण म्हणजे तिन्ही मापांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, घनात ते बाजू गुणिले ३ चं वर्गमूळ होतं (हे आत्ता नाही, पायथागोरस झाल्यावर).

आणि रंगवलेल्या ठोकळ्याचं गणित, जे बुद्धिमत्तेच्या पेपरात हमखास असतं. मोठा घन बाहेरून रंगवला आणि छोटे घन कापले, तर तीन पृष्ठं रंगलेले किती, दोन रंगलेले किती वगैरे. क्लासमध्ये घनाची सूत्रं पाठ करून घेतात आणि मग एखाद्या वर्षी पेपरात ३ × ४ × ५ ची इष्टिकाचिती आली की पोरं अडकतात. उलटं शिकवा, आधी इष्टिकाचिती. तीन पृष्ठं रंगलेले फक्त कोपऱ्यात असतात, कोपरे ८, माप काहीही असो. दोन रंगलेले कडांवर, कोपरे सोडून: प्रत्येक मापातून २ वजा करा, राहिले १, २, ३, आणि प्रत्येक मापाच्या कडा चार-चार, म्हणून ४ × (१ + २ + ३), २४. एक रंगलेले पृष्ठांच्या मधल्या भागात: २ × (१×२ + २×३ + १×३), २२. अजिबात न रंगलेले आत: १ × २ × ३, म्हणजे ६. बेरीज ८ + २४ + २२ + ६, बरोबर ६०, आणि ३ × ४ × ५ पण ६०. आता याच रीतीत तिन्ही मापं ३ घ्या, प्रत्येकातून २ गेले की राहतात १, १, १, आणि घनाची उत्तरं येतात ८, १२, ६ आणि आत १, एकूण २७.